पाणी थांबलं की काच टिकते

मरोळ नाक्याच्या आसपास काच आणि ॲल्युमिनियम सेक्शनची दुकानं आहेत. भर पावसाळ्यात तिथे काचांच्या थप्प्या भिंतीला टेकवून उभ्या असतात. दोन काचांच्या फटीत ओल शिरली आणि काही आठवडे तशीच राहिली, की मधल्या एखाद्या काचेवर ढगाळ डाग उठतो, कधी त्यावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. फडक्याने तो जात नाही आणि साबणानेही नाही, कारण पुसण्यासारखं वर काही बसलेलंच नसतं. तेवढ्या जागेतली काच बदललेली असते. पाण्याने तिच्यातलं सोडियम ओढून नेलेलं असतं आणि मग उरलेल्या सिलिकालाही हात घातलेला असतो. म्हणून तर कारखान्यातून निघताना काचांच्या मध्ये कागद किंवा बारीक पूड घालतात.

काच पाण्यात विरघळते, ही गोष्ट आपल्याला खरी वाटत नाही. लोणच्याच्या बरण्या वर्षानुवर्षं टिकताना आपण पाहिलेल्या असतात. पण विरघळते, हे नक्की. प्रश्न फक्त वेगाचा आहे, आणि त्या वेगाची गंमत अशी की तीच काच, तेच तापमान आणि तेच पाणी असूनही तो हजारो पटींनी बदलू शकतो.

मरोळपासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरवर, ट्रॉम्बेच्या डोंगरापलीकडे, या वेगावर फार मोठी भिस्त ठेवलेली आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या बीएआरसीत, १९६४ पासून अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते. इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतलं, की मागे एक आम्लधर्मी द्रव उरतो. सीझियम, स्ट्रॉन्शियम, टेक्नेशियम, थोडं अमेरिशियम, थोडं नेप्च्युनियम असं सगळं त्यात असतं. किरणोत्साराचा जवळजवळ सगळा भार याच द्रवात येतो. टाकीत ठेवलेला द्रव कधीतरी गळण्याची भीती असते, म्हणून त्याचं घन रूप करायचं. बहुतेक देशांत यासाठी निवडलेला घन पदार्थ म्हणजे बोरोसिलिकेट काच. तारापूरला असा प्रकल्प १९८०च्या दशकात उभा राहिला, ट्रॉम्बेचा २००२ मध्ये सुरू झाला.

काचच का? स्फटिकात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, आगंतुकाला तिथे सहजी शिरकाव नाही. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं जाळं विस्कळीत असतं, त्यात मोठ्या-लहान पोकळ्या असतात. कचऱ्यात आवर्तसारणीतली निम्मी मंडळी हजर असतात, त्या सगळ्यांना सामावून घेईल असा दुसरा स्वस्त पदार्थ सापडलेला नाही. सुमारे ९५० अंश सेल्सियसला वितळलेल्या या मिश्रणात वजनाने साधारण पाचवा हिस्सा कचऱ्याचा असतो. तो काचेत भरून ठेवलेला नसतो. काच त्याचीच बनलेली असते.

तरी सगळेच सामावले जात नाहीत. ट्रॉम्बेची अडचण सल्फेटची होती. तिथल्या पुनर्प्रक्रियेत फेरस सल्फामेट वापरलं गेल्यामुळे जुन्या द्रवात सल्फेट बरंच होतं, आणि नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत सल्फेट जेमतेम एक टक्का मुरतं. जास्त झालं की वितळलेल्या काचेवर ते पिवळट थर होऊन वेगळं तरंगतं. हा थर पाण्यात मिठासारखा विरघळतो, वर सीझियमलाही आपल्याकडे ओढून घेतो. म्हणजे जे बंद करायचं तेच बाहेर येऊन बसलं! बीएआरसीत यावर शोधलेलं उत्तर म्हणजे बेरियम घातलेली काच. बेरियमच्या सोबतीने सल्फेट काचेत बऱ्यापैकी जास्त मुरतं. आणि त्यातूनही थोडं वेगळं पडलंच, तर ते बेरियम सल्फेट म्हणून पडतं, जे पाण्याला दाद देत नाही. एक्स-रेच्या आधी पोटाचे रोगी जो पांढरा घोल पितात, तोच हा पदार्थ. बेरियम विषारी असूनही त्यांना काही होत नाही, कारण तो विरघळतच नाही. तारापूरच्या कचऱ्यात सल्फेटची ही कटकट नसल्यामुळे तिथली काच निराळी, सोडियम बोरोसिलिकेटची. एकाच राज्यात, शंभरेक किलोमीटरच्या अंतरात, दोन काचांचे दोन पाठ.

रासायनिक रूपाने केवढा फरक पडतो हे पाहायचं असेल तर ब्राझीलमधल्या गोयानिया शहराची हकिगत आठवावी. सप्टेंबर १९८७ मध्ये तिथल्या एका बंद पडलेल्या रुग्णालयातून भंगार वेचणाऱ्यांनी कॅन्सरवरच्या उपचाराचं यंत्र उचललं. आत शंभर ग्रॅमपेक्षा कमी सीझियम क्लोराइड होतं, अंधारात निळसर चमकणारं. ते हातोहात गेलं, अंगाला लागलं, घामात आणि पाण्यात विरघळून घराघरांत पसरलं. चार जण दगावले. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली, त्यांतल्या २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात किरणोत्सार सापडला. तेच सीझियम-१३७ बीएआरसीत कचऱ्यातून वेगळं काढून काचेत ओतलं जातं आणि त्याच्या पेन्सिली बनवल्या जातात. त्या रक्तपेढ्यांतल्या यंत्रांत बसतात. कमकुवत रुग्णाला रक्त देण्याआधी दात्याच्या लिंफोसाइट पेशी किरणांनी निकामी कराव्या लागतात, त्यासाठी. मूलद्रव्य तेच, किरणंही तीच. पण क्लोराइडच्या मुठीत ते पाणी लागताच सुटतं आणि काचेच्या मुठीत सुटत नाही, निदान माणसाच्या हिशेबाने तरी नाही.

आता ही मूठ पाणी नेमकी कशी सोडवतं ते पाहू.

काच पाण्यात बुडाली की पहिल्याच तासांत देवाणघेवाण सुरू होते. पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो आणि सोडियमसारखे सैल बसलेले अणू बाहेर येतात. हायड्रोजन खर्ची पडल्यामुळे पाणी अल्कधर्मी होऊ लागतं. दुकानातल्या काचांच्या फटीत नेमकं हेच होतं: पाणी थेंबभर, सोडियम भरपूर, त्यामुळे त्या थेंबाचा पीएच इतका चढतो की तो सिलिकाचं जाळंच तोडू लागतो. कचऱ्याच्या काचेत मात्र बोरॉन असतं. ते पाण्यात उतरलं की बोरिक आम्ल होतं आणि चढता पीएच साधारण नऊच्या आसपास थोपवून धरतं. काच स्वतः विरघळत असताना पाण्याला ताळ्यावर ठेवणारं द्रव्यही आपल्याकडूनच देते, हे मला फार नवलाचं वाटतं.

दुसरी पायरी खऱ्या विरघळण्याची. सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध पाणी एकेक करून तोडतं. अणुकचऱ्यासाठीच्या फ्रान्सच्या आर७टी७ या काचेवर याचा सर्वांत सखोल अभ्यास झाला आहे. ९० अंशांचं स्वच्छ, सतत बदलतं पाणी तिच्यावरून वाहू दिलं, तर एक चौरस मीटर पृष्ठभागातून दिवसाला साधारण एक ग्रॅम काच जाते. हिशेब केला तर एक मिलिमीटर जाडीचा थर संपायला सात-आठ वर्षं पुरतात. लाख वर्षांचा वायदा करणाऱ्या पदार्थासाठी हा आकडा भीतिदायकच आहे.

मग पाणी वाहायचं थांबवतात. बाकी काहीही बदलत नाहीत. पाण्यात सिलिका साठत जाते, आणि जसजशी ती साठते तसतसा विरघळण्याचा वेग पडत जातो. शिवाय काचेच्या पृष्ठभागावर एक थर धरू लागतो. सोडियम आणि बोरॉन निघून गेलेल्या जागी सिलिका, झिर्कोनियम, ॲल्युमिनियम यांची पुन्हा जुळवाजुळव होऊन ओलसर, जेलसारखा, नॅनोमीटरच्या छिद्रांचा पापुद्रा तयार होतो. जखमेवर धरलेल्या खपलीखाली जखम जशी सुरक्षित राहते, तशी त्याखालची काच राहते. छिद्रं इतकी अरुंद असतात की त्यांतलं पाणी मोकळ्या पाण्यासारखं वागत नाही. काही महिन्यांत वेग दहा हजारांश होतो. त्याच ९० अंशांवर आता एक मिलिमीटर काच जायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. तापमान उतरलं तर अजून कितीतरी जास्त, कारण दर दहा अंशांमागे वेग साधारण दुपटी-अडीचपटीने बदलतो. २५ अंशांच्या पाण्यापेक्षा ९० अंशांचं पाणी शंभराहून अधिक पट चपळ असतं.

म्हणून काचेला टिकाऊ म्हणताना मला जरा अडखळायला होतं. नुसत्या काचेचा असा स्वभाव नाही. तिच्यापाशी येणारं पाणी थोडं आहे की फार, थांबलेलं आहे की धावतं, त्यात आधीच काय विरघळलेलं आहे, यावर सगळं ठरतं. साचलेलं पाणी म्हटलं की मुंबईकराला डास आणि लेप्टो आठवतात. पण अणुकचऱ्याची काच त्याच साचलेल्या पाण्यावर जगते.

या खपलीचे शत्रूही ठरलेले आहेत, आणि ते सगळे एकच चोरी करतात, सिलिकाची. पाण्यात मॅग्नेशियम असलं, आणि समुद्राच्या लिटरभर पाण्यात ते सव्वा ग्रॅमच्या वर असतं, तर सिलिकाशी मिळून त्याची माती बनते. तेवढी सिलिका पाण्यातून गेली की काचेला ती भरून द्यावी लागते. गंजणारं लोखंडही हेच करतं. काच ज्या पोलादी डब्यात ओततात त्याच्या गंजाशी तिचं वैर निघावं, हा त्या डब्याचा दोष नाही, पण हिशेबात धरावंच लागतं. २०२० मध्ये नेचर मटेरियल्समध्ये आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात स्टेनलेस स्टील आणि काच एकमेकांना चिकटवून खारट पाण्यात ठेवली होती. दोघांमधल्या बारीक फटीत स्टीलच्या गंजामुळे पाणी आम्लधर्मी झालं आणि काचेची झीज एकटीच बुडवलेल्या काचेपेक्षा कितीतरी वाढली. विरघळण्याचा वेग उदासीन पाण्यात सर्वांत कमी असतो, आम्लाकडे सरका किंवा अल्काकडे, तो वाढतोच. सिमेंटचं नाव काढलं की आपल्याला भरवसा वाटतो. पण सिमेंटमधून झिरपलेल्या पाण्याचा पीएच बारा-तेरापर्यंत जातो. काचेच्या दृष्टीने ते कॉस्टिक सोड्याचंच पाणी.

आणि अशा चढ्या पीएचच्या, गरम पाण्यात एक विचित्र घटना घडते. वर्षानुवर्षं शांत बसलेली काच एकदम पुन्हा वेगाने विरघळायला लागते. कारण पाण्यात स्फटिक जन्माला आलेले असतात, फिलिप्साइट, ॲनालसाइम अशा नावांचे. ही झिओलाइट गटातली खनिजं. ते सिलिका आणि ॲल्युमिनियम झपाट्याने गिळतात, खपली पोखरली जाते आणि पाणी पुन्हा भुकेलं होतं. प्रयोगशाळांना सर्वांत जास्त धास्ती याच वळणाची आहे, कारण ते कधी येईल हे सांगणं अवघड असतं.

झिओलाइट! पश्चिम उपनगरांतल्या माणसाला हे नाव परकं नसावं. जोगेश्वरी, मालाड, कांदिवलीच्या जुन्या खाणींतून निघालेले झिओलाइट आणि त्यांच्या जोडीचे हिरवट प्रेहनाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. दख्खनच्या लाव्हाचा शेवटचा भाग मुंबईजवळ काही ठिकाणी पाण्यात उतरला होता. त्याच्या उशांच्या आकाराच्या गोळ्यांचे आणि काचेच्या चुऱ्याचे थर आपल्या उपनगरांच्या खाली सापडतात. लाव्हा पाण्यात पडून झटक्याने गार झाला की त्याला स्फटिक व्हायला सवड मिळत नाही, त्याची काच होते. मग गरम पाणी खडकाच्या फटींतून फिरलं, काच पिवळट तपकिरी पॅलॅगोनाइट झाली, आणि पोकळ्यांत झिओलाइट वाढले. म्हणजे प्रयोगशाळेत ज्या साखळीची भीती आहे, तिच्या नात्यातली गोष्ट आपल्या पायाखाली केव्हाच घडून गेलेली आहे.

बेसाल्टी काच आणि अणुकचऱ्याची काच यांचं गोत्र जवळचं आहे. बेसाल्टात सिलिका सुमारे ५० टक्के, आर७टी७ मध्ये सुमारे ४५. पाण्यात दोघींचा सुरुवातीचा विरघळण्याचा वेगही बराचसा सारखा. दिल्ली विद्यापीठाच्या आणि बीएआरसीच्या भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या बेसाल्टी काचेचा अभ्यास याच कारणासाठी केला आहे. कोणत्याही माणसाला लाखो वर्षांचा प्रयोग करता येत नाही, पण ज्वालामुखीने तो करून ठेवला आहे. समुद्रतळावर काही ठिकाणी लाखो वर्षं जुनी बेसाल्टी काच अजून काचच आहे, तर गरम पाणी वाहत राहिलं तिथे तिचं नावनिशाण उरलेलं नाही.

अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल याच लाव्हाची दुसरी बाजू दाखवते. तिथला बेसाल्ट सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी सावकाश थंड झाला, म्हणून त्यात स्फटिक आहेत, आणि थंड होताना आकसल्यामुळे त्याला उभ्या भेगा पडून त्याचे ताठ खांब झाले. कचऱ्याच्या काचेचा ठोकळाही डब्यात निवताना तडकतो. तडे गेले की पाण्याला भेटणारा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढला, म्हणजे विरघळणंही तेवढंच वाढायला हवं, असं साधं गणित सांगतं.

ते गणित रोमन लोकांनी चुकवलं. दक्षिण फ्रान्सच्या एम्बिए बेटाजवळ कच्च्या काचेचे ठोकळे घेऊन जाणारं एक रोमन जहाज बुडालं होतं. १८०० वर्षं ते ठोकळे भूमध्य समुद्राच्या तळाशी पडून होते. तेही निवताना तडकलेलेच होते. फ्रेंच संशोधकांनी ते कापून पाहिले, तर बाहेरच्या बाजूने काच चांगलीच झिजलेली होती, पण आतल्या अरुंद तड्यांत झीज अगदी किरकोळ होती. तिथे पाणी अडकून पडलं, लगेच संपृक्त झालं, आणि तडा स्वतःच्याच गाळाने बुजला. समुद्राच्या पाण्यातही, कारण आतपर्यंत नवं मॅग्नेशियम पोचायला वाटच उरली नाही. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या बॅलिडन गावी १९७० मध्ये निरनिराळ्या काचा चुनखडीत पुरून ठेवल्या आहेत. तो प्रयोग ५०० वर्षांचा आखला आहे. ज्यांनी पुरल्या त्यांची चिकाटी थोर, पण रोमन जहाज त्यांच्या बरंच पुढे आहे.

ही खपली बनते कशी, यावर मात्र शास्त्रज्ञांची अजून भांडणं आहेत, आणि ती मला आवडतात. एका गटाच्या मते काचेचा सांगाडा जागच्या जागी राहतो. त्यातून सोडियम-बोरॉन झिरपून जातात आणि उरलेली सिलिका थोडी सरकून नीट बसते. फ्रान्सच्या स्तेफान जिन यांच्या चमूने २०१५ मध्ये मांडलेला पुरावा साधारण याच बाजूचा होता. त्याच वर्षी रोलँड हेलमन आणि सहकाऱ्यांनी अणूअणूचा नकाशा काढून उलट दाखवलं: ताजी काच आणि थर यांच्या सीमेवर सोडियम, बोरॉन, सिलिका यांची प्रमाणं एकदम, काही नॅनोमीटरच्या आत बदलतात. म्हणजे काच आधी पूर्ण विरघळते आणि लगेच तिथेच नवी सिलिका साकळते, असं त्यांचं म्हणणं. फ्रान्समध्ये ९० अंशांच्या पाण्यात पंचवीस वर्षांहून जास्त काळ ठेवलेले काचेचे तुकडेही या वादात साक्षीला आणले गेले. परिस्थितीनुसार दोन्ही घडत असावं, असं मानणारेही आता बरेच आहेत. वाद कोरडा वाटेल, पण त्याचा परिणाम थेट आहे. खपली जुन्या सांगाड्याची असेल तर तिचं भवितव्य काच बनवतानाच ठरवता येतं. नव्याने साकळलेली असेल तर आजूबाजूच्या पाण्याला तिच्यावर जास्त हक्क.

दरम्यान तारापूरला आणि ट्रॉम्बेला ओतलेल्या काचेला अजून भूजल भेटलेलंच नाही. पोलादी डब्यांतली ती काच जमिनीलगतच्या काँक्रीटच्या कोठारात उभी असते. हवा आपसूक खालून वर चढते आणि ती निवत राहते, पंख्याची गरज नाही. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची अर्धायुष्यं तीस वर्षांच्या आसपास, म्हणून तीनशे वर्षांत त्यांचा हजारावा हिस्सा उरतो आणि उष्णताही त्यांच्याबरोबर जाते. पाणी गरम असतानाच सर्वांत घातक असतं, हे वर आलंच. तेव्हा खोल खडकात पुरण्याआधी निवू देणं यातच निम्मी राखण आहे.

तीनशे वर्षांनंतरचे गुन्हेगार वेगळे. प्लुटोनियम-२३९चं अर्धायुष्य २४ हजार वर्षांचं, पण काच विरघळली तरी ते बहुतेक करून खपलीतच अडकतं, पाण्याबरोबर फारसं जात नाही. टेक्नेशियम-९९चं दोन लाख वर्षांहून जास्त, आणि ते चतुर. पाण्यात ऑक्सिजन असला तर ते बोरॉनच्या पाठोपाठ सरळ निघून जातं, कुठल्याही मातीला चिकटत नाही. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात मात्र त्याचं रूप बदलतं आणि ते जागच्या जागी साकळतं. वरच्या थरांतलं, पावसाशी संबंध असलेलं पाणी ऑक्सिजनने भरलेलं असतं. शेकडो मीटर खाली, खडकातल्या लोहखनिजांनी तो केव्हाच खाऊन टाकलेला असतो. कचऱ्यासाठी खोल जागा शोधणारे म्हणूनच नुसती खोली मोजून थांबत नाहीत. खडकात पाडलेल्या भोकातून वर काढलेल्या पाण्याचा ऑक्सिजन, पीएच, मॅग्नेशियम आणि सिलिका तपासतात, आणि ते पाणी तिथे किती हजार वर्षांपासून थांबलेलं आहे हेही विचारतात.